पाणी निवळलं म्हणजे औषध निघालं का?

(देऊळघाट, जि. बुलढाणा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर जरा जड शब्दांत छापला आहे: 'सांडपाण्यातील औषधांचे अवशेष आणि वनस्पतीजन्य पदार्थ'. साध्या भाषेत प्रश्न असा आहे. आपण गोळी घेतो, ताप उतरतो, विषय संपला असं आपल्याला वाटतं. पण ती गोळी गेली कुठे? आणि ती पाण्यात गेली असेल, तर पऱ्हाटीचा कोळसा, नारळाची करवंटी, कर्दळीची लागवड, शेवग्याच्या बिया, यांनी ती बाहेर काढता येते का?

हा विषय देऊळघाटात मांडायला कारण आहे. आपला जिल्हा बोलताना आपण दोन भागांत वाटतो, घाटावर आणि घाटाखाली. पाण्याचीही वाटणी तशीच आहे. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातं. आपलं पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जातं. ही पैनगंगा आपल्याच डोंगरात उगम पावते. म्हणजे आपण नदीच्या डोक्याशी राहतो. आपल्या वर फार कमी गावं आहेत, खाली मात्र अख्खं खोरं आहे. बुलढाणा शहराला पाणी देणारं येळगावचं धरणही याच नदीवर, आपल्या खालच्या अंगाला आहे. नदीच्या टोकाला असलेली माणसं वरच्याला दोष देऊ शकतात. आपल्याला ती सोय नाही. आपल्या नालीत जे पडतं, त्याला आपणच वरचे.

गोळी जाते कुठे?

औषध पोटात गेलं की ते पूर्ण जिरतं, असा आपला समज असतो. प्रत्येक औषधाची गोष्ट वेगळी आहे. मधुमेहासाठी घरोघरी घेतलं जाणारं मेटफॉर्मिन शरीरात जवळपास बदलतच नाही. आपलं काम करतं आणि जसं आलं तसं लघवीतून बाहेर पडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग लघवीतून तसाच जातो. डायक्लोफेनॅक, म्हणजे अंगदुखीची नेहमीची गोळी, शरीरात बरंच बदलतं, मूळ रूपात अगदी थोडं बाहेर येतं. पण हेच औषध आपण मलम म्हणून गुडघ्याला चोळतो, आणि त्यातलं बरंचसं त्वचेत न जाता आंघोळीच्या पाण्याबरोबर थेट नालीत जातं.

याशिवाय मुदत संपलेल्या गोळ्या आपण संडासात टाकतो. दवाखान्यांचं पाणी आहे. ढोरांना दिलेली इंजेक्शनं आहेत, कोंबड्यांच्या पाण्यात घातलेली औषधं आहेत. आपल्याकडे औषध कारखान्यांची रांग नाही, पण घराघरात गोळ्यांची पाकिटं आहेत.

आता प्रमाण समजून घेऊ. सांडपाण्यातली ही औषधं लिटरमागे नॅनोग्रॅम किंवा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची एक गोळी प्रत्येकी १० हजार लिटरच्या पाच टँकरांत विरघळवली, तर प्रत्येक लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम येतो. शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात डायक्लोफेनॅक साधारण याच पातळीला सापडतं. तुम्ही म्हणाल, पाच टँकरांत एक गोळी, त्यात एवढं काय?

एवढ्याशाने काय बिघडतं?

ज्याला ते लागू पडतं, त्याचं बिघडतं. आपल्याकडची गिधाडं आठवा. १९९०च्या दशकात ती झपाट्याने कमी व्हायला लागली आणि कारण सापडेना. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासावरून दाखवून दिलं, की डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. हे औषध पाण्यातून नाही, मांसातून पोचलं होतं, हा फरक लक्षात ठेवा. पण धडा तोच. माणसाला आणि बैलाला चालणारं प्रमाण तिसऱ्या जिवाला मारू शकतं.

पाण्याचं उदाहरण कॅनडातलं आहे. २००१ ते २००३ अशी तीन वर्षं तिथल्या एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच ठेवलं. तिथले छोटे मासे जवळजवळ संपले. मेले असं नाही. नरांमध्ये मादीची लक्षणं आली, आणि पुढची पिढीच आली नाही.

तिसरा धोका प्रतिजैविकांचा. नालीत अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांना रोज थोडं थोडं प्रतिजैविक मिळत राहिलं, तर न मरणारे जिवाणू निवडले जातात. याचं टोकाचं उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं. सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या तिथल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं, असं २००७ मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं औषध नसतं. आपली पातळी त्याच्या आसपासही नाही. पण गावातल्या नालीत घरगुती औषध आणि जिवाणू एकत्र नांदतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

निवळणं वेगळं, निघणं वेगळं

आता वनस्पतींकडे येऊ. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायची पद्धत आपल्याकडे फार जुनी. शेवग्याच्या बियांची भुकटीही तेच काम करते. कसं? पाण्यातले मातीचे कण ऋणभारित असतात, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धनभारित असतं. ते या कणांना जोडतं, गोळे होतात, खाली बसतात. पाणी निवळतं. तुरटीचं तत्त्वही हेच.

पण औषध हा कण नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतं, मीठ विरघळतं तसं. त्याचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तो खाली बसत नाही. म्हणून शेवग्याने पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेल आणि औषध जिथल्या तिथे राहील. उलट बियांची भुकटी जास्त झाली तर तिच्यातलेच सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात आणि दोन दिवसांत वास येतो. तेव्हा पहिली गोष्ट पक्की करू: डोळ्यांना स्वच्छ दिसणं ही या बाबतीत कसोटीच नाही.

कोळसा काय करतो?

विरघळलेलं औषध पकडायचं तर त्याला चिकटायला जागा हवी. स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. एखाद्या पृष्ठभागावर रेणू येऊन चिकटतात, ते अधिशोषण. भिंतीवर धूळ बसते तसं. भिंत जितकी मोठी, तितकी धूळ जास्त. मग थोड्या जागेत प्रचंड मोठी भिंत कशी मिळवायची?

याचं उत्तर झाडाने आधीच तयार ठेवलं आहे. पऱ्हाटीचं खोड आडवं कापून भिंगाखाली बघा. पाणी वर नेणाऱ्या असंख्य बारीक नळ्या दिसतील. हे खोड हवा कोंडून ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजलं, की त्यातले बाकीचे पदार्थ वायू होऊन निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. हा बायोचार. हाच कोळसा पुढे ८०० ते ९०० अंशांच्या वाफेत तापवला, तर नळ्यांच्या भिंतींना आणखी बारीक छिद्रं पडतात. हा सक्रिय कोळसा. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ साधारण हजार चौरस मीटर असतं. आपल्या मापात सांगायचं तर जवळपास १० गुंठे. चार ग्रॅम म्हणजे एक एकर! चिमूटभर कोळशात एकरभर वावर दडलेलं असतं.

पण नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, छिद्राचा आकार. एक नॅनोमीटरचा रेणू त्याहून अरुंद छिद्रात शिरत नाही, आणि फारच रुंद छिद्रात नीट अडकत नाही. करवंटीच्या कोळशाला बहुतांश दोन नॅनोमीटरहून लहान छिद्रं असतात. लाकडाच्या कोळशात मोठ्या छिद्रांचं प्रमाण जास्त असतं. म्हणून एकच कोळसा सगळ्या औषधांना सारखा चालत नाही.

दुसरी, विद्युतभार. पाण्याचा सामू सातच्या आसपास असताना डायक्लोफेनॅक ऋणभारित असतं. साध्या बायोचारचा पृष्ठभागही बऱ्याचदा ऋणभारित असतो. दोघं एकमेकांना ढकलतात. सिप्रोफ्लॉक्सासिनवर त्याच सामूला दोन्ही भार असतात, त्यामुळे त्याची वागणूक निराळी.

तिसरी, पाण्याची आवड-नावड. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध पाण्यात नाराजीनेच राहतं, कोळसा दिसला की त्याला धरतं. मेटफॉर्मिनला पाणी इतकं प्रिय, की कोळशाकडे ते सहज वळत नाही.

न भाजलेल्या मालाचं काय? सोयाबीनचं कुटार, लाकडाचा भुसा, साल? यांच्यावरही औषध चिकटतं, पण कमी. शिवाय ते पाण्यात फुगतात, रंग सोडतात, कुजतात. मक्याच्या स्टार्चपासून मात्र एक वेगळी वाट निघाली आहे. विकरं वापरून स्टार्चचे कडीसारखे रेणू करता येतात, त्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. कडीच्या पोकळीत औषधाचा रेणू जाऊन बसतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विल डिक्टेल यांच्या गटाने या कड्या एकमेकींना जोडून सच्छिद्र पदार्थ केला, आणि तो काही मिनिटांत प्रदूषकं पकडतो असं दाखवलं. पण जोडायला वापरलेला दुवा फ्लोरीन असलेल्या रसायनाचा होता. मूळ माल मक्याचा असला म्हणून सगळा पदार्थ मक्याचा होत नाही. 'वनस्पतीजन्य' हा शब्द ऐकला की एवढं विचारायचंच: बाकीचं काय आहे?

प्रयोगशाळेतला आकडा आणि नालीतलं पाणी

आता व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. या विषयावर ढिगाने शोधनिबंध निघतात. केळीच्या सालीपासून ते बाभळीच्या सालीपर्यंत सगळ्यांचा कोळसा करून झाला आहे. बहुतेकांत लिहिलेलं असतं, ९० टक्क्यांहून जास्त औषध निघालं. मग प्रश्न सुटला का?

हे प्रयोग बहुधा शुद्ध पाण्यात एकच औषध घालून करतात, आणि तेही लिटरमागे काही मिलिग्रॅम. नालीत असतं त्याच्या हजारपट. आपण एक हिशोब करू. समजा एका कोळशाची क्षमता ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम निघाली. नालीत लिटरमागे एक मायक्रोग्रॅम औषध आहे. सरळ भागाकार केला, तर एक ग्रॅम कोळसा ५० हजार लिटर पाणी साफ करेल. ऐकायला किती छान!

आता प्रत्यक्ष बघू. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून कायदा आहे. तिथली निवडक मोठी केंद्रं सूक्ष्म प्रदूषकं सरासरी ८० टक्के काढतात, काही ठिकाणी ओझोनने, काही ठिकाणी कोळशाच्या भुकटीने. कोळशाचा डोस घनमीटरमागे साधारण १० ते २० ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम कोळसा ५० ते १०० लिटरना पुरतो. कागदावर ५० हजार, प्रत्यक्षात फार तर १००.

एवढा फरक का? कारण कोळशाला औषध ओळखू येत नाही. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही लिटरमागे काही मिलिग्रॅम इतर सेंद्रिय पदार्थ उरलेले असतात, म्हणजे औषधाच्या हजारो पट. बाजाराच्या दिवशी एसटीत चढायचं आहे, दाराशी हजारो माणसं आहेत आणि त्यात आपला पाहुणा एकच. बस भरते, पाहुणा खालीच राहतो. शिवाय औषधाचं प्रमाण जितकं कमी, तितकी त्याची कोळशावर चिकटायची ओढही कमी. म्हणून प्रयोगशाळेतली क्षमता थेट नालीवर लावता येत नाही.

यातून एक सरळ नियम निघतो. कोळसा हा शेवटचा टप्पा. आधी गाळ बसवायचा, मग जिवाणूंकडून सेंद्रिय पदार्थ संपवायचे, आणि मगच कोळसा. उघड्या नालीत कोळशाचं पोतं टाकलं, तर ते चार दिवसांत शेवाळाने बुजेल.

झाडं लावून काय होतं?

मधला टप्पा आपल्याला परवडेल असा आहे. नागपूरच्या 'नीरी'ने फायटोरिड नावाचं तंत्र विकसित केलं, मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातही ते वापरलं गेलं. खडीचा थर, त्यात कर्दळ, पाणकणीस अशी पाण्यात तग धरणारी झाडं, आणि खडीतून हळूहळू सरकणारं सांडपाणी. झाडं स्वतः जितकं काम करतात, त्याहून जास्त काम त्यांच्या मुळांवरचे जिवाणू करतात. झाड त्यांना राहायला जागा आणि थोडा प्राणवायू देतं.

अशा बांधीव पाणथळीत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन चांगले विघटित होतात. डायक्लोफेनॅकला सूर्यप्रकाश तोडतो, म्हणून शेवटी उथळ, उघडं तळं असेल तर फायदा होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन गाळाला चिकटतं. पाण्यातून गेलं, पण नष्ट झालं नाही, जागा बदलली. आणि कार्बामाझेपिन बहुतांशी जसंच्या तसं पार होतं.

हे कार्बामाझेपिन पुढे कुठे जातं? सांडपाण्यावर भाजीपाला घेणाऱ्यांनी हे ऐकावं. इस्रायल आपलं बहुतेक सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतो. तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये निरोगी माणसांना काही दिवस अशा पाण्यावर वाढलेली भाजी दिली. त्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन सापडलं. प्रमाण उपचाराच्या डोसापेक्षा कितीतरी कमी होतं. पण औषध नालीतून पानात आणि पानातून माणसात आलं, हे दिसलं. पालेभाजीत ते जास्त साठतं, कारण पाणी पानातून उडून जातं आणि औषध पानातच राहतं. म्हणून असं पाणी द्यायचंच असेल, तर ते कपाशीला, झाडांना द्या. मेथी-पालकाला नको.

हजार माणसांचा हिशोब

आता आपल्या गावाच्या मापाने बोलू. एका वस्तीत हजार माणसं धरा. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे रोज ४४ हजार लिटर, ४४ घनमीटर.

पाणथळीला माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरली, तर १० ते २० गुंठे लागतील. नंतर कोळसा. स्विस हिशोबाने घनमीटरमागे १५ ग्रॅम, म्हणजे रोज ६६० ग्रॅम. आपला गावठी कोळसा कारखान्याच्या कोळशाइतका चांगला नसणार. समजा पाचपट लागला. रोज ३.३ किलो, वर्षाला साधारण १,२०० किलो. भाजल्यावर पऱ्हाटीच्या वजनाचा चौथा हिस्सा कोळसा उरतो असं धरलं, तर ४,८०० किलो पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे पाच एकरांची पऱ्हाटी हजार माणसांना वर्षभर पुरेल.

बघा, कच्चा माल हा आपला प्रश्नच नाही. दर उन्हाळ्यात आपण वावराच्या धुऱ्यावर याहून कितीतरी जास्त पऱ्हाटी पेटवून देतो. खरे प्रश्न दोन आहेत. एक, दर घाणीला सारखा कोळसा काढणारी भट्टी. खड्ड्यात धुमसवलेला कोळसा एकसारखा निघत नाही, आणि नीट भाजला नाही तर त्यात डांबरासारखे घातक पदार्थ राहतात. दोन, वापरलेला कोळसा. वर्षाला सव्वा टन कोळसा औषधं पोटात घेऊन बसलेला. तो कुठे टाकणार?

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ताजा बायोचार वावरात घालतात, ते वेगळं. सांडपाण्यात वापरलेला कोळसा खत म्हणून वावरात टाकू नका. कोळशाने औषध नष्ट केलेलं नसतं, फक्त धरलेलं असतं. पाणी बदललं, सामू बदलला, की त्यातलं काही सुटतं. त्यावर जिवाणूंचा थर बसलेला असतो तो वेगळाच. तो जास्त तापमानाला पुन्हा भाजावा, किंवा योग्य भट्टीत जाळावा. ही सोय आधी, यंत्रणा नंतर.

विकायला आलेल्याला काय विचारायचं?

ग्रामपंचायतीकडे, दवाखान्यांकडे 'नैसर्गिक फिल्टर' घेऊन माणसं येतात. चार प्रश्न लिहून घ्या.

१. चाचणी कोणत्या पाण्यात झाली? शुद्ध पाण्यात की खऱ्या सांडपाण्यात?

२. कोणती औषधं मोजली? 'औषधं निघतात' हे उत्तर नाही. नावं सांगा.

३. थर किती दिवसांत भरतो, आणि भरला हे कसं कळणार? भरलेला फिल्टर दिसायला नव्यासारखाच असतो.

४. वापरलेला माल परत कोण नेणार? हे करारात लिहून देणार का?

आणि टीडीएस मीटर दाखवला तर हात जोडा. तो क्षार मोजतो, औषध नाही. औषध मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापक लागतो, तो मोठ्या प्रयोगशाळेत असतो. रोजच्या देखरेखीसाठी २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाण्यात किती अडतो हे बघतात. थरात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरक कमी व्हायला लागला, की कोळसा भरत आला असं समजायचं.

खर्च कोणी करायचा?

आपल्या देशात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती चालतील, याच्या मर्यादा केंद्राने जानेवारी २०२०च्या मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. युरोपने २०२४ मध्ये नवा कायदा केला. मोठ्या शहरांच्या केंद्रांना २०४५पर्यंत सूक्ष्म प्रदूषकं काढण्याचा जादा टप्पा बसवायचा आहे, आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषधं आणि प्रसाधनं बनवणाऱ्यांनी द्यायचा आहे. हजार माणसांच्या वस्तीने सगळा भार उचलावा, हे न्यायाचं नाही. पण आपण हातावर हात ठेवून बसावं, असाही त्याचा अर्थ नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलं आहे: मग आम्ही बीपी-शुगरच्या गोळ्या कमी करायच्या का?*

अजिबात नाही, ताई. डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर घ्यायचंच. फक्त सर्दीला प्रतिजैविक मेडिकलवरून परस्पर आणायचं नाही, आणि उरलेल्या गोळ्या संडासात टाकायच्या नाहीत. केरळात राज्याच्या औषध नियंत्रण विभागाने घरातली न वापरलेली औषधं गोळा करायचा उपक्रम सुरू केला आहे. अशी एक पेटी आपल्याकडेही मागता येईल. आणि मलम चोळल्यावर लगेच हात नळाखाली धरण्याआधी कागदाने पुसा. हा कागद कचऱ्यात जाईल, नालीत नाही.

*एका काकांचा प्रश्न: घरच्या पिण्याच्या पाण्यात पऱ्हाटीचा कोळसा टाकला तर चालेल का?*

नको, काका. घरी केलेल्या कोळशात काय राहिलंय ते आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. आणि ओला कोळसा जिवाणूंना राहायला आवडतो. पिण्याच्या पाण्याचा पहिला शत्रू अजूनही जंतूच आहेत. पाणी उकळा, क्लोरिन वापरा. औषधांचा बंदोबस्त नालीच्या तोंडाशी करायचा, माठात नाही.

*कॉलेजच्या मुलांनी विचारलं आहे: आम्ही काय करू शकतो?*

चांगला प्रश्न आहे. पऱ्हाटी, तुराट्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसं, तिन्हींचा कोळसा सारख्या तापमानाला करा. मिथिलीन ब्लू रंग कोण किती ओढतो ते आधी शुद्ध पाण्यात, मग गाळलेल्या नालीच्या पाण्यात मोजा. हातमोजे घाला, आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. दोन आकड्यांमधला फरक तुम्हाला दिसेल. आजच्या तासाभराच्या बोलण्याचं सार त्या फरकात आहे. आणि पाणथळीसाठी नालीच्या शेवटाला १० गुंठे जागा कुठे निघते, याचा नकाशा काढून ग्रामसभेत ठेवा. तिथून पुढचं काम सुरू होतं.